भूमापनाचा राष्ट्रीय मूलाधार आणि हिंगोली जिल्हा

शेताचा बांध नेमका कोठे आहे, हा प्रश्न ग्रामीण जीवनात फार जुना आहे. भाऊबंदांतील वाटणी, शेजाऱ्याशी झालेला वाद, कालव्यासाठी झालेले भूसंपादन किंवा गावठाणातील घराची हद्द अशा प्रत्येक प्रसंगी हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पूर्वी त्याचे उत्तर हद्दीचा दगड, साखळी आणि जुने टिपण यांच्या साह्याने शोधले जाई. आता भूकरमापकाच्या हाती उपग्रहांचे संदेश घेणारे रोव्हर यंत्र आले आहे आणि शेताचा प्रत्येक कोपरा अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांत नोंदविता येऊ लागला आहे. असे आकडे कागदावर निर्विवाद दिसतात. तथापि ते कोणत्या मूलाधारावरून मोजले आहेत हे ठाऊक नसेल, तर त्यांच्यावरून काढलेली हद्द शंभर मीटरांहून अधिक अंतराने चुकू शकते. म्हणूनच भूमापनाच्या राष्ट्रीय निर्देशक पद्धतीची ओळख केवळ तज्ज्ञांपुरती मर्यादित राहणे आता परवडणारे नाही. हिंगोली जिल्ह्याच्या बाबतीत तर या विषयाला विशेष औचित्य आहे. ज्या मोजणीतून देशाच्या नकाशांचा मूलाधार निर्माण झाला, ती याच अक्षांशांतून पार पडली आहे.

त्रिकोणांची साखळी

भारताच्या शास्त्रशुद्ध त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळील सेंट थॉमस माउंट येथे झाला. विल्यम लॅम्टन यांनी तेथे सुमारे १२ किलोमीटर लांबीची एक आधाररेषा पोलादी साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजली. यामागील तत्त्व साधे आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन माहीत असले, तर उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. अशा रीतीने मिळालेली बाजू पुढील त्रिकोणाचा पाया ठरते आणि टेकड्यांच्या माथ्यांवरून एकाला एक जोडलेल्या त्रिकोणांची मालिका शेकडो किलोमीटर पुढे नेता येते. जमिनीवर प्रत्यक्ष साखळी धरावी लागते ती केवळ आधाररेषेपुरती. बाकीचे काम कोन मोजणारे थिओडोलाइट यंत्र करते. लॅम्टन यांचे मोठे थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचे होते. ते डोंगरमाथ्यांवर चढविण्याचे कष्ट हमालांनी, आणि ठिकठिकाणी निशाण किंवा दिवा धरून उभे राहण्याचे काम खलाशांनी केले. या माणसांची नावे अहवालांत क्वचितच आढळतात.

दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणारी ही त्रिकोणमालिका पुढे 'महाचाप' म्हणून प्रसिद्धीस आली. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत तिची लांबी सुमारे २,४०० किलोमीटर आहे. बीदरजवळील दमरगिड्डा, वऱ्हाडातील अचलपूरजवळील टाकळखेडा आणि मध्य प्रदेशातील सिरोंजजवळील कल्याणपूर ही तिच्यावरील महत्त्वाची ठाणी होत. या तिन्ही ठाण्यांचे रेखांश ७७ अंश ४० मिनिटांच्या आसपास आहेत. हिंगोली शहर सुमारे १९ अंश ४३ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७७ अंश ९ मिनिटे पूर्व रेखांशावर वसले आहे. म्हणजे दमरगिड्डा ते टाकळखेडा हा टप्पा हिंगोलीच्या पूर्वेस जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर अंतरावरून, उमरखेडच्या रेखांशाजवळून जातो.

लॅम्टन यांचे २० जानेवारी १८२३ रोजी, हैदराबादहून नागपूरकडे जात असताना, हिंगणघाट येथे निधन झाले आणि तेथेच त्यांचे दफन करण्यात आले. त्यांचे कार्य जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे चालविले. एव्हरेस्ट यांनी १८ अंश ३ मिनिटे ते २४ अंश ७ मिनिटे, म्हणजे दमरगिड्डा ते कल्याणपूर, या सुमारे ६७० किलोमीटर लांबीच्या चापाच्या मोजणीचा वृत्तान्त १८३० मध्ये प्रसिद्ध केला. हिंगोलीचे अक्षवृत्त याच चापाच्या दक्षिण भागात येते. पुढे अधिक अचूक साधने उपलब्ध झाल्यावर हा भाग पुन्हा तपासण्यात आला. तापमानामुळे लांबी न बदलणाऱ्या जोडपट्ट्या वापरून १८४१ मध्ये अँड्र्यू वॉ यांनी बीदरजवळची आधाररेषा नव्याने मोजली.

या महाकार्यात भारतीयांचा वाटाही मोठा आहे. अर्काटचे सय्यद मोहसीन हे या सर्वेक्षणाचे कुशल यंत्रकार होते. राधानाथ सिकदार यांची १८३१ मध्ये गणक म्हणून नेमणूक झाली. पुढे जगातील सर्वोच्च शिखराच्या उंचीच्या गणनेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

मूलाधार म्हणजे काय?

अक्षांश आणि रेखांश हे पृथ्वीवर प्रत्यक्ष आखलेले नसतात. ते काढण्यासाठी पृथ्वीचा एक गणिती आकार प्रथम गृहीत धरावा लागतो. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे. त्यामुळे हा गणिती आकारही चपट्या गोलाचा, म्हणजे गोलाभाचा असतो. गोलाभ किती मोठा, किती चपटा, आणि तो खऱ्या पृथ्वीला कोठे व कसा टेकविला, हे ठरले की सर्वेक्षणाचा मूलाधार तयार होतो. सर्वेक्षक त्यालाच 'डेटम' म्हणतात.

एव्हरेस्ट यांनी दमरगिड्डा-कल्याणपूर चापाच्या मोजणीची फ्रान्समधील चापाशी सांगड घालून जो आकार काढला, तो 'एव्हरेस्ट गोलाभ १८३०' या नावाने ओळखला जातो. चापाची लांबी त्रिकोणांवरून मिळाली आणि त्याच्या दोन टोकांच्या अक्षांशांतील फरक ताऱ्यांच्या वेधांवरून मिळाला. एका अंशाची लांबी किती भरते हे दोन भिन्न अक्षांशांवर कळले की पृथ्वीचा आकार व चपटेपणा गणिताने काढता येतो. या गोलाभाची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६,३७७.३ किलोमीटर धरली आहे. कल्याणपूर येथील ठाणे हे आरंभस्थान मानून भारतातील सर्व ठाण्यांचे अक्षांश-रेखांश त्यावरून काढण्यात आले. यालाच भारताचा कल्याणपूर मूलाधार म्हणता येईल. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे अनेक पिढ्या याच मूलाधारावर तयार होत राहिले. पाटबंधारे, रस्ते, रेल्वे, वने आणि जिल्ह्यांच्या सीमा यांचे नकाशे त्याच्या आश्रयाने उभे राहिले.

या नकाशांची क्रमांकपद्धती समजून घेणे उपयुक्त ठरते. देशाची विभागणी चार अंश रुंद आणि चार अंश उंच अशा चौकटींत केलेली असून १६ ते २० अंश उत्तर आणि ७६ ते ८० अंश पूर्व या चौकटीचा क्रमांक ५६ आहे. तिचे एकेक अंशाचे सोळा भाग इंग्रजी अक्षरांनी दर्शवितात. प्रत्येक भागाचे पुन्हा पंधरा मिनिटांचे सोळा भाग पाडले की एकास पन्नास हजार प्रमाणाचे पत्रक मिळते. या हिशेबाने हिंगोली शहर आणि औंढा नागनाथ ही दोन्ही ठिकाणे ५६ ई/२ या पत्रकात येतात, कळमनुरी ५६ ई/६ मध्ये आणि वसमत ५६ ई/३ मध्ये येते. सेनगाव ७७ अंश रेखावृत्ताच्या पश्चिमेस असल्याने ५६ ए या गटात पडते. हिंगोली जिल्हा परभणी जिल्ह्यातून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. प्रशासकीय सीमा बदलल्या, पण पत्रकांच्या चौकटी मात्र जेथल्या तेथेच राहिल्या. निर्देशक पद्धतीचे हेच सामर्थ्य आहे. राजवटी आणि जिल्हे बदलले तरी ठिकाणाचा पत्ता तोच राहतो.

नव्या मूलाधाराकडे

कल्याणपूर मूलाधार भारतीय उपखंडासाठी बेतलेला होता. त्याच्या गोलाभाचे केंद्र पृथ्वीच्या खऱ्या केंद्राशी जुळत नाही. भूमीवरून त्रिकोणांनी मोजणी करावयाची असताना यामुळे काही बिघडत नव्हते. उपग्रह मात्र पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. त्यांच्या संदेशांवरून मिळणारे स्थान साहजिकच पृथ्वीकेंद्री मूलाधारावरचे असते. यासाठी जगभर वापरला जाणारा मूलाधार 'जागतिक भूगणितीय पद्धती १९८४', संक्षेपाने डब्ल्यूजीएस-८४, हा होय. त्याच्या गोलाभाची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८.१३७ किलोमीटर, म्हणजे एव्हरेस्ट गोलाभापेक्षा सुमारे साडेआठशे मीटरांनी अधिक आहे.

याचा व्यवहारातील परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश जुन्या नकाशावरून आणि उपग्रह यंत्रावरून घेतले, तर दोहोंत काही सेकंदांचा फरक पडतो. हिंगोलीच्या परिसरात अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३०.७ मीटर, तर रेखांशाचा एक सेकंद म्हणजे सुमारे २९ मीटर. दोन मूलाधारांतील फरक या भागात शंभर मीटरांच्या पलीकडे जातो. विहीर हललेली नसते आणि यंत्रही बिघडलेले नसते. दोन्ही आकडे आपापल्या मूलाधारावर बरोबर असतात. चूक होते ती एका मूलाधाराचे आकडे दुसऱ्या मूलाधाराच्या नकाशावर तसेच मांडले जातात तेव्हा. योग्य रूपांतर केले तर हा फरक दूर होतो. रूपांतर न करता केलेली आखणी मात्र कालवा दुसऱ्याच शेतातून नेऊ शकते.

केंद्र शासनाच्या २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने या संक्रमणाला निश्चित रूप दिले. संरक्षण दलांसाठी एक आणि नागरी वापरासाठी दुसरी अशा नकाशांच्या दोन मालिका ठरविण्यात आल्या. नागरी वापराची खुली मालिका डब्ल्यूजीएस-८४ मूलाधारावर काढण्याचे ठरले. पुढे २०२२ च्या राष्ट्रीय भूअवकाशीय धोरणाने देशाची भूगणितीय चौकट आधुनिक साधनांनी नव्याने निश्चित करण्याचे उद्दिष्ट समोर ठेवले.

वक्र पृथ्वी, सपाट कागद

अक्षांश-रेखांशांनी स्थान निश्चित होते. पण शेताचे क्षेत्रफळ अंश आणि मिनिटांत काढता येत नाही. त्यासाठी वक्र पृष्ठभाग सपाट कागदावर उतरवावा लागतो. या क्रियेला प्रक्षेपण म्हणतात. खुल्या मालिकेसाठी स्वीकारलेल्या यूटीएम प्रक्षेपणात पृथ्वीचे सहा-सहा अंश रुंदीचे ६० पट्टे केले आहेत. ७२ ते ७८ अंश पूर्व या पट्ट्याचा क्रमांक ४३ असून त्याचे मध्य रेखावृत्त ७५ अंश आहे. मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि हिंगोली ही शहरे याच पट्ट्यात आहेत. नागपूर मात्र ७८ अंशांपलीकडे असल्याने ४४ व्या पट्ट्यात जाते. मध्य रेखावृत्ताला ऋण आकडे टाळण्यासाठी ५०० किलोमीटर हे मूल्य दिलेले असते. त्या हिशेबाने हिंगोली शहराचा निर्देशक पूर्वेकडे सुमारे ७२५ किलोमीटर आणि विषुववृत्तापासून उत्तरेकडे सुमारे २,१८२ किलोमीटर असा येतो. वर्षानुवर्षे अंश-मिनिटांत लिहिलेला पत्ता येथे मीटरांत मांडला जातो आणि दोन कोपऱ्यांमधील अंतर साध्या वजाबाकीने व पायथागोरसच्या सिद्धान्ताने काढता येते.

तरीही सपाट कागद आपली किंमत वसूल करतोच. यूटीएम जाळ्यावर अंतराचे प्रमाण मध्य रेखावृत्तापाशी ०.९९९६ ठेवलेले असते आणि दोन्ही बाजूंना ते हळूहळू वाढत जाते. हिंगोली मध्य रेखावृत्तापासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर पूर्वेला असल्याने येथे गोलाभावरील एक किलोमीटर अंतर जाळ्यावर सुमारे २२ सेंटिमीटरांनी अधिक भरते. एका हेक्टरमागे हा फरक साडेचार चौरस मीटरांच्या आसपास येतो. शेताच्या मोजणीत तो क्षुल्लक वाटेल. परंतु मोठ्या प्रकल्पाच्या संपादनात किंवा लांब कालव्याच्या आखणीत त्याची दुरुस्ती करणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्रासारखे राज्य दोन पट्ट्यांत विभागले जाते ही यूटीएम पद्धतीची आणखी एक अडचण आहे. संपूर्ण देश एकाच चौकटीत दाखवावयाचा असेल, तेव्हा शंकूच्या आकारावर आधारलेले लॅम्बर्ट प्रक्षेपण वापरले जाते. त्यासाठी ८० अंश पूर्व रेखावृत्त आणि २४ अंश उत्तर अक्षवृत्त यांचा छेदनबिंदू आरंभस्थान म्हणून घेतला आहे.

गावनकाशा आणि राष्ट्रीय जाळे

येथवर वर्णिलेली पद्धती देशाच्या नकाशाची झाली. शेतकऱ्याचा दैनंदिन संबंध येतो तो गावनकाशा आणि सातबाऱ्याशी. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि निजाम राजवटीत येथील जमिनीची मोजणी महसूल आकारणीसाठी झाली. ही मोजणी शंकू-साखळी पद्धतीची होती. साखळीने लांबी घेतली जाई, शंकूने काटकोन काढला जाई आणि शेताची आकृती टिपणावर उतरविली जाई. ३३ फुटांच्या साखळीचा वर्ग म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एक एकर हे कोष्टक आजही वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. दशमान पद्धतीत एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, अर्थात एका आरपेक्षा किंचित अधिक.

ही टिपणे त्या काळाच्या मानाने उत्तम होती. परंतु त्यांचा पाया गावातच होता. अंतर बांधापासून बांधापर्यंत आणि दगडापासून दगडापर्यंत मोजलेले असे. तो दगड पृथ्वीवर नेमका कोठे आहे याची नोंद महसुलाच्या कामाला आवश्यक नव्हती. त्यामुळे गावनकाशा आणि सर्वेक्षण विभागाचा नकाशा ही दोन वेगळी जगे राहिली. कागद आखडला, दगड उखडला गेला, पुराने ओढ्याचे पात्र बदलले किंवा पोटहिस्से पडत गेले की टिपणावरील आकृती जमिनीवर पुन्हा उभी करणे कठीण होई. पैनगंगा, कयाधू आणि पूर्णा यांच्या काठच्या गावांना ही अडचण नवी नाही.

आता या दोन जगांची सांधेजोड सुरू झाली आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साह्याने महाराष्ट्रात ७७ ठिकाणी अखंड कार्यरत संदर्भ-स्थानके उभारण्यात आली. त्यांना संक्षेपाने 'कॉर्स' म्हणतात. त्यांचे कार्य समजण्यास सोपे आहे. स्थानकाचे खरे स्थान अतिशय अचूकपणे आधीच ठरविलेले असते. उपग्रहांच्या संदेशांवरून क्षणोक्षणी मिळणारे स्थान त्याच्याशी ताडून पाहिले की वातावरण इत्यादींमुळे आलेली चूक किती हे कळते. ही दुरुस्ती मोबाइल जाळ्यामार्फत शेतातील रोव्हरकडे पाठविली जाते आणि कोपऱ्याचे स्थान काही सेंटिमीटरांपर्यंत निश्चित होते. केवळ खिशातील मोबाइल फोनला अशी दुरुस्ती मिळत नसल्याने तो मोकळ्या रानातही काही मीटरांनी चुकतो. बांधाचा वाद बहुधा हातभराचा असतो. तो अशा फोनवरून सुटणे शक्य नाही.

गावठाणातील घरांच्या मोजणीसाठी ड्रोनचा वापर करण्यात येत आहे. केंद्र शासनाची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. तत्पूर्वी महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील सोनोरी या गावी याच पद्धतीचा प्रयोग झाला होता. हवाई छायाचित्रे भूमीवरील नियंत्रण बिंदूंशी जोडली जातात आणि नकाशा राष्ट्रीय मूलाधारावर येतो. पूर्वी ज्या घरांना स्वतंत्र अभिलेख नव्हता, त्यांच्या धारकांना मिळकत पत्रिका मिळण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. निर्देशक आकडे हद्द *दाखवितात*. हद्द *ठरवितात* ते अधिकार अभिलेख, मूळ टिपण, प्रत्यक्ष वहिवाट आणि कायद्याने घालून दिलेली मोजणीची रीत. चुकीच्या कोपऱ्यावर रोव्हर ठेवले, तर तो चुकीचा कोपराच सेंटिमीटरच्या अचूकतेने नोंदविला जाईल. म्हणून मोजणीच्या नोटिशीप्रमाणे लगतच्या कब्जेदारांनी हजर राहणे, जुन्या खुणा दाखविणे आणि मोजणी नकाशाची प्रत समजून घेणे याचे महत्त्व नव्या यंत्रांमुळे कमी झालेले नाही, उलट वाढले आहे. आज नोंदलेला कोपरा उद्या दगड हरवला तरी पुन्हा सापडेल. तो बरोबर नोंदला गेला असेल, तर पुढील पिढीचा वाद टळेल. चुकीचा नोंदला गेला असेल, तर तीच चूक टिकून राहील.

उंचीचा वेगळा हिशेब

स्थान दोन आकड्यांनी ठरते. उंची हा तिसरा आकडा आहे आणि त्याचा मूलाधार निराळा आहे. देशातील उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजण्याची प्रथा असून त्यासाठी मुंबईसह नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या नोंदींचा आधार घेऊन १९०९ चा समतलन मूलाधार निश्चित झाला होता. उपग्रह यंत्र मात्र उंची गोलाभापासून देते. भारतीय द्वीपकल्पात सरासरी समुद्रसपाटीशी जुळणारे गुरुत्वीय तल गोलाभाच्या बरेच खाली आहे. मराठवाड्यात हा फरक साठ मीटरांहून अधिक आहे. शिवाय तो स्थळागणिक बदलतो.

पाणी गोलाभ ओळखत नाही, ते गुरुत्वाकर्षण ओळखते. सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणाच्या लाभक्षेत्रात कालव्याला पाच हजारांत एक असा उतार द्यावयाचा असेल, तर दहा किलोमीटरांत तळ केवळ दोन मीटरांनी खाली जातो. अशा ठिकाणी दोन प्रकारच्या उंचींची सरमिसळ झाली, तर शेपटाकडील शेतकऱ्याला पाणी पोहोचणार नाही. त्यामुळे उपग्रहांवरून घेतलेली उंची गुरुत्वीय तलाच्या नकाशाने दुरुस्त करणे किंवा प्रत्यक्ष समतलनाने पडताळणे, हा नियम अभियंत्यांनी कटाक्षाने पाळावयाचा असतो.

औंढा नागनाथ येथील सरळ रेषा

भूमापनाच्या अचूकतेची सर्वात कठोर कसोटी आज याच जिल्ह्यात लागत आहे. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यात येत आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये खर्चाच्या उभारणीस मंजुरी देण्यात आली. परस्परांशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नलिका हे तिचे मुख्य अंग आहे.

लेसर किरण सरळ जातो. पृथ्वी मात्र वक्र आहे. नलिकेच्या एका टोकापाशी जमिनीला समांतर रेषा काढली, तर चार किलोमीटरांवरील दुसऱ्या टोकापाशी पृथ्वीचा पृष्ठभाग त्या रेषेच्या सुमारे सव्वा मीटर खाली गेलेला असतो. रेषेचा स्पर्शबिंदू मध्यावर धरला, तरी दोन्ही टोकांना सुमारे ३१ सेंटिमीटरांचा फरक उरतोच. म्हणजे पाणसळीने लावलेली पातळी येथे पुरेशी नाही. पातळी पृथ्वीसोबत वळते, नलिकेने वळता कामा नये. यासाठी प्रत्येक बिंदूचे स्थान पृथ्वीकेंद्री मूलाधारावर निश्चित करून सरळ रेषा आखावी लागते.

वेधशाळेचे स्थान जागतिक पद्धतीत नोंदणे आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहर प्रथम टिपली. त्या दोन ठिकाणांमधील अंतर सुमारे ३,००० किलोमीटर असल्याने लहर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचण्यास जास्तीत जास्त दहा सहस्रांश सेकंद लागतात. लहर कोठे आधी आली आणि कोठे नंतर, या सूक्ष्म फरकावरून ती आकाशाच्या कोणत्या भागातून आली याचा अंदाज बांधला जातो. हिंगोलीतील वेधशाळा या गणितात सहभागी होईल तेव्हा तिची आणि अन्य वेधशाळांची स्थाने एकाच मूलाधारावर असणे अपरिहार्य आहे. एव्हरेस्ट गोलाभाच्या निर्मितीस हातभार लावणाऱ्या अक्षांशांत, त्याची जागा घेणारा मूलाधार आता आकाशातील घटनांच्या शोधासाठी उपयोगात येणार आहे.

आकडे वाचताना घ्यावयाची दक्षता

विद्यार्थी, ग्रामसेवक, तलाठी, बचतगटांचे कार्यकर्ते आणि शेतकरी या सर्वांच्याच हाती आता निर्देशक आकडे येतात. शेततळे, वृक्षलागवड, पीकपाहणी, घरकुल अशा अनेक कामांत छायाचित्रासोबत स्थाननोंद मागितली जाते. अशा वेळी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट मूलाधाराची. नकाशाच्या समासात किंवा यंत्राच्या पडद्यावर मूलाधाराचे नाव दिलेले असते. आकड्यांसोबत तेही लिहावे.

दुसरी गोष्ट लेखनपद्धतीची. हिंगोलीचा अक्षांश १९ अंश ४३ मिनिटे आहे. साठ मिनिटांचा एक अंश होत असल्याने दशांश पद्धतीत तो १९.७१७ अंश होतो. कोणी घाईने १९.४३ असे लिहिले, तर ते ठिकाण सुमारे ३२ किलोमीटर दक्षिणेला, औंढा नागनाथ आणि वसमत यांच्या दरम्यानच्या रानात जाऊन पडते. अर्ज नामंजूर होण्यास एवढी चूक पुरेशी असते.

तिसरी गोष्ट दशांश स्थळांची. अंशातील चौथे दशांश स्थळ जमिनीवर सुमारे ११ मीटर आणि पाचवे सुमारे १.१ मीटर दर्शविते. यंत्राची अचूकता पाच मीटरांची असताना आठ दशांश स्थळे लिहिली म्हणून नोंद अधिक अचूक होत नाही.

चौथी गोष्ट प्रक्षेपणाची. आकडे मीटरांत असतील तर पट्ट्याचा क्रमांक लिहिणे अनिवार्य आहे. कारण पूर्वेकडे ७२५ किलोमीटर आणि उत्तरेकडे २,१८२ किलोमीटर हा निर्देशक ४३ व्या पट्ट्यात हिंगोलीचा आहे, पण ४४ व्या पट्ट्यात तोच आकडा सहा अंश पूर्वेकडील वेगळ्याच ठिकाणाचा होतो.

लॅम्टन आणि एव्हरेस्ट यांच्या काळात पृथ्वीवरील एका बिंदूचे स्थान ठरविण्यासाठी दिवसेंदिवस डोंगरमाथ्यावर थांबून धुके विरण्याची वाट पाहावी लागे. आज तेच स्थान काही मिनिटांत मिळते. वेग वाढला असला, तरी त्या मोजणीने घालून दिलेली शिस्त कायम आहे. कोठून मोजले, कशाने मोजले आणि कितपत बरोबर मोजले, ही तीन उत्तरे सोबत असल्याखेरीज निर्देशक आकड्याला अर्थ नाही. गावोगावीचे नकाशे राष्ट्रीय मूलाधारावर येत असताना या शिस्तीचा परिचय शाळेच्या वर्गापासून ग्रामसभेपर्यंत झाला, तर बांधाच्या दोन्ही बाजूंचे शेतकरी एकच नकाशा समोर ठेवून एकाच अर्थाने तो वाचू शकतील.